एकावन्न वर्षांच्या मुलीचे पालक

अन्याय झाला तो आमच्या अक्कावर. मद्रासला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनवणारा एक लहानसा कारखाना होता, तिथे ती तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करायची. वय एकावन्न, नोकरी बावीस वर्षांची. साल १९८९, दसऱ्यातल्या आयुधपूजेनंतरचा पहिला सोमवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ मी अंदाजाने लिहीत नाही. पूजेच्या दिवशी घड्याळाच्या काचेवर लावलेला चंदनाचा ठिपका कुणी पुसला नव्हता, तो नेमका दोनच्या आकड्यावर होता, आणि मोठा काटा त्याच्यामागे गडप झालेला मी पाहिला आहे.

त्याच मिनिटाला मॅनेजरने फळ्यावर नोटीस लावली. आधीचा सुपरवायझर नोकरी सोडून गुम्मिडिपूंडीच्या मोठ्या कारखान्यात गेला होता, त्याची जागा शनिवारपर्यंत भरायची होती. नोटीस इंग्रजीत. उमेदवाराला दहा वर्षांचा अनुभव हवा, आणि पुढे प्रत्येक वाक्यात 'ही', म्हणजे आपला 'तो'. त्याला हे यायला हवं, त्याने ते करायला हवं. अक्काने अर्जाचा कागद मागितला, तर मॅनेजर हसून म्हणाला की नोटीस नीट वाचा अक्का, पुरुष हवाय.

ती नोटीस टाइप कुणी केली होती? मी. एकवीस वर्षांची होते, त्या कारखान्यात टायपिस्ट होते आणि संध्याकाळी संघटनेच्या कचेरीत बायकांच्या हक्कांची पत्रकं लिहीत होते. सकाळी 'ही' बडवायचा आणि संध्याकाळी त्याच्याविरुद्ध घोषणा लिहायच्या, असा माझा दिनक्रम होता. लाज वाटायला हवी होती. ती मला सोमवारी नऊ वाजून अकरा मिनिटांनी वाटली.

मॅनेजर आमच्यातलाच. तंजावरकडून आलेलं मराठी घर, वय चौतीस, देवळात भेटला तर वाकून नमस्कार करणारा. मराठीत तो तिला 'अहो अक्का' म्हणायचा, तमिळमध्ये 'अम्मा' म्हणायचा, आणि इंग्रजी सुरू झालं की तीच बाई 'गर्ल'. हजेरीपुस्तकात अकराजणी 'वाइंडिंग गर्ल' म्हणून लावलेल्या होत्या. त्यांतल्या चौघी आज्या होत्या. जे मराठीत म्हणताना जीभ अडखळेल ते इंग्रजीत सरळ सुटतं. इंग्रजीचा हा उपयोग आपल्या लोकांनी फार मन लावून शिकून घेतलाय.

नोटिशीतला 'तो' तर भलताच लवचीक प्राणी. कारखान्याच्या छापील नियमांत लिहिलं होतं की कामगार उशिरा आला तर त्याचा अर्धा दिवस कापला जाईल. इथे 'तो' म्हणजे अकराही बायका. पुढच्याच ओळीत, त्याला दरवर्षी बुटांचा एक जोड मिळेल. इथे 'तो' म्हणजे फक्त पुरुष. बायका सांडलेल्या वार्निशमधून रबरी चपला चिकटवत फिरायच्या. शिक्षेला बाई कामगार, बुटाला गर्ल.

आणि हसायचे मात्र अक्काच्या इंग्रजीला. तिच्या लेखी जगात एकच 'ही' होता आणि त्यात सगळं मावायचं. मोटर 'ही', हातोडा 'ही', मालकांची बायको 'ही'. एकदा तिने रजा मागताना सांगितलं, "माय मदर, ही नॉट ईटिंग, सार." मॅनेजरने त्याची नक्कल करून वर्षभर पाहुण्यांना हसवलं. मीही हसले आहे, खोटं कशाला लिहू. पण आता मला विचाराल तर चुकीचं इंग्रजी मॅनेजरचं होतं. अक्काच्या 'ही'मधून निदान कुणाला बाहेर काढलेलं नव्हतं.

तर मी काय केलं? रातोरात पत्रक काढलं. चार पानं, तमिळ आणि इंग्रजी, सायक्लोस्टाइल. पहिल्या पानावर पुरुषी भाषेचा धिक्कार, दुसऱ्यावर जागतिक परिस्थिती. अक्काने मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं की यात मी कुठे आहे. नव्हतीच ती. मग तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी सुरुवात केली होती 'कामगार बंधूंनो' अशी. तिने पत्रकाची घडी केली आणि डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. स्टूल स्थिर झालं. माझ्या पत्रकांपैकी इतकं उपयोगी दुसरं कुठलंच ठरलेलं नाही.

त्याच दुपारी ती पुन्हा मॅनेजरकडे गेली. या वेळी त्याने भाषा सोडून व्यवहार धरला. सुपरवायझरला रात्री आठपर्यंत थांबावं लागतं. गर्ल्सना साडेपाचनंतर थांबवायचं तर घरच्यांची परवानगी लागते, नियमच आहे. तुम्हाला परवानगी कोण देणार अक्का?

हा नियम खराच होता. बाईने रजा मागितली, जास्त वेळ थांबली, काहीही केलं तरी कागदावर 'गार्डियन' लिहिलेल्या रेघेवर बापाची नाहीतर नवऱ्याची सही लागायची, शाळेतल्या पोरींना लागते तशी. अक्काचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. ती त्यांची सही स्वतःच करायची, सगळ्यांना ठाऊक होतं, मॅनेजरलाही. बारा वर्षं ती एका मेलेल्या माणसाच्या परवानगीने आजारी पडत होती आणि कारखान्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"म्हणजे घरचं मोठं माणूस हो म्हणालं तर चालेल?" अक्काने विचारलं.

मॅनेजर म्हणाला, चालेल की. घरात मोठं कोणी उरलेलं नाही अशी त्याची समजूत होती.

बुधवारी सकाळी साडेआठच्या भोंग्याला अक्का रिक्षातून उतरली आणि तिच्या मागून तिची आई उतरली. वय सत्याहत्तर. एका हातात पंखा, दुसऱ्यात डबा, काखेत घेवड्याच्या शेंगांची पिशवी. गेटवरच्या वॉचमनला तिने बाजूला हो म्हटलं आणि तो झाला. मॅनेजरच्या खोलीत जाऊन ती त्याच्यासमोर बसली आणि आमच्या जुन्या तंजावरी मराठीत बोलू लागली. आम्ही 'इथे'ला 'हिंगं' म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं.

"मी हिचं घरचं माणूस. आमची पोर कशी आहे कामात? दंगा करते?"

मॅनेजर उभा राहिला. तसं नाही, तुम्ही कशाला त्रास घेतलात, असं काहीतरी पुटपुटला. म्हातारीने त्याला न्याहाळलं.

"तुझं वय काय रे बाळा?"

त्याने चौतीस सांगितलं.

"हिंगं मोठं कोण आहे मग? आईला आणलंयस तुझ्या? मला मोठ्यांशी बोलायचंय."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर मशीनं चालू होती, पण अकरापैकी एकीचाही हात चालू नव्हता. मी टाइपरायटरवर मान घालून नुसतीच एकेक अक्षर बडवत होते, कारण हात थांबले असते तर हसू फुटलं असतं.

परवानगी दिली का, तर दिली. रात्री आठपर्यंतची, अंगठा उठवून. पण म्हातारीचा हिशेब सरळ होता. पोर जर लहान आहे तर तिला परक्या ठिकाणी एकटं सोडून जायचं कसं? ती थांबली. बसायला रिकामी खुर्ची अख्ख्या कारखान्यात एकच होती, सुपरवायझरची. तिथे बसून तिने शेंगा निवडायला घेतल्या.

गुरुवारीही आली. शेंगा निवडताना नजर मोकळीच होती, ती तिने कामाला लावली. बोळात विड्या ओढणाऱ्या फिटरांना तिने नुसतं पाहिलं आणि त्यांनी विड्या विझवल्या. जेवणाआधी हात धुतलेत का विचारलं, सहा फूट उंच माणसं परत नळावर गेली. संध्याकाळी तिने मॅनेजरला गाठून विचारलं, आज कशी वागली आमची? चांगली वागली, असं त्याला सांगावं लागलं. मग इतर दहाजणींनीही विचारलं की आमच्या सासवा कधी आणू. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पत्रकात कधी उतरवू शकले नसते.

मला मात्र आत धाकधूक होती. गंमत कितीही चालली असली तरी मॅनेजरच्या कुठल्या तरी पुतण्या-भाच्याला उभं करून ती जागा शनिवारपर्यंत भरली जाणार हे उघड होतं. तसं झालं असतं तर अक्काने चौथ्या माणसाला काम शिकवलं असतं आणि त्याच्याकडे रजा मागितली असती. आधीचे तिघे सुपरवायझर तिनेच घडवले होते. ती तार चिमटीत धरून जाडी सांगायची, मोजपट्टी नंतर तेच सांगायची.

शुक्रवारी मालक आले. ते तमिळ, मितभाषी, महिन्यातून एकदा येणारे. त्यांनी सुपरवायझरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि हे कोण विचारलं. मॅनेजरने इंग्रजीत उत्तर दिलं, सवयीने.

"गार्डियन, सार."

"कुणाची?"

"त्या गर्लची, सार."

मालक गर्ल शोधू लागले. त्यांची नजर अक्कावरून दोनदा गेली. पांढरे केस, दोऱ्याने बांधलेला चष्मा, मांडीवर तारेने अर्धा भरलेला मोटारीचा स्टेटर. तिसऱ्यांदा नजर तिच्यावर थांबली. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, आणि तमिळमध्ये विचारलं की गेलेल्या सुपरवायझरला काम कुणी शिकवलं होतं. मॅनेजर काही बोलायच्या आत मागून एका फिटरने सांगितलं, अक्काने. त्याच्या आधीच्याला? अक्काने. मालकांनी फळ्यावरची नोटीस स्वतःच्या हाताने काढली आणि खिशात घातली.

नेमणुकीचं पत्र माझ्याकडेच टाइप करायला आलं. ठरलेल्या नमुन्याप्रमाणे सुरुवात 'डिअर सर'. मी मशीनवरून हात काढून घेतले आणि जाहीर केलं की हे मी टाइप करणार नाही. अक्काने मला बाजूला घेतलं.

"बावीस वर्षं गर्ल होते. दोन दिवस सर होऊ दे अगं. मग कर बाई मला."

केलं टाइप. पुढची सात वर्षं ती त्या खुर्चीत बसली. कारखाना तिला 'सार' म्हणायचा आणि ती ओ द्यायची. पालकाच्या सहीची रेघ कुणी काही न बोलता फॉर्मवरून गेली. बूट मिळाले, एक नंबर मोठे.

इथे थांबले असते तर ही मजेची गोष्ट झाली असती. पण अक्का गेल्या महिन्यात निवृत्त झाली आणि तिला नोकरीचा दाखला मिळाला. हजेरीपुस्तकातला हुद्दा सात वर्षांत कुणी बदलला नव्हता. तेव्हा दाखल्यात आहे की तिने एकोणतीस वर्षं 'वाइंडिंग गर्ल' म्हणून काम केलं, आणि खाली छापील ओळ तशीच, त्याची वर्तणूक समाधानकारक होती. एकाच कागदावर ती पोरगीही आहे आणि पुरुषही. फक्त सुपरवायझर नाही. यंदा मद्रासचं चेन्नई झालं, अख्ख्या शहराच्या पाट्या उतरवून नव्या लावल्या. एका रजिस्टरमधला एक शब्द बदलायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

दाखला मी परत पाठवला आहे. अक्काची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि गरज पडली तर पुन्हा येईन म्हणते.

पण प्रत्येक कारखान्याला ती पुरणार नाही. म्हणून तुम्ही, जे हे वाचून हसलात: तुमच्या कचेरीतलं, शाळेतलं, दुकानातलं हजेरीपुस्तक उद्या सकाळी उघडा. चाळिशी उलटलेली जी बाई त्यात 'गर्ल' आहे, तिच्यापुढचा शब्द खोडा आणि ती जे काम करते ते तिथे लिहा. पेन्सिलीने नको. शाईने लिहा, आणि खाली स्वतःची सही करा.