जमिनीवरचे पांढरे गोल
ऑइल पेंटचा वास आला की रायपूरची ती निवड चाचणी आठवते. राष्ट्रीय रोलर फिगर स्केटिंगला आमच्यातली एकच पोट्टी जाणार होती. अभनपूरची एक, मोबाइलवर पाहून शिकलेली, माझ्याहून सरस होती. तिनं विचारलं, "दीदी, हे पांढरे गोल कायचे?" चाकं न ढळू देता त्याच रेषांवरून फिरायचं असतं, गुण त्याचेच, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "बास्केटबॉलचे. तू बिनधास्त नाच." ती सुरेख नाचली आणि बाद झाली. मग माझ्या पाळीला नाव पुकारल्यावर ती धावत आली, "दीदी, ते गोल आपल्याचसाठी हायेत! तुले बी कोणी चुकीचंच सांगतलं. सांभाळजो." मी "हव" म्हटलं, रेषेवरूनच फिरले आणि निवडले गेले. आता तिथले गोल मीच रंगवते. नवी पोरगी विचारते, तेव्हा अजून आधी "बास्केटबॉलचे"च तोंडात येतं.