ऊन कुठून येतं?

"ऊन कुठून येतं?"

फोटोची प्रिंट काढायला आलेल्या माणसाला काकांचा पहिला प्रश्न हा असायचा. माणूस गोंधळून म्हणायचा, "आकाशातून." काका मान वर न करता म्हणायचे, "ते ठाऊक आहे. तुमच्या भिंतीवर कुठून येतं?"

तुमच्यापैकी कुणी पुण्यात कसबा पेठेतल्या काकांच्या फोटोच्या दुकानात गेला असाल, तर खिडकीतल्या दोन प्रिंट पाहिल्या असतील. दोन्हींत काकांचाच चेहरा. एक साध्या शाईची, दुसरी टिकाऊ पिगमेंट शाईची. अर्धा चेहरा ऊन लागू नये म्हणून काळ्या कागदाखाली, अर्धा उन्हात. काळा कागद उचलून ते गिऱ्हाइकाला दाखवायचे. "हा मी स्वस्तातला, डावा गाल गेलाय. हा मी महागातला. उतरलोय, पण बायको ओळखते."

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या कामामुळे विश्रांतवाडीत आले आणि काकांनी काउंटरवर घेतलं. काकांच्या लेखी तिकडचं सगळं नागपूरच, म्हणून मीही 'नागपूर'. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार, ही धास्ती दारात चप्पल काढतानाही असायची.

पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाला म्हटलं, "फोटो मस्त येऊन राहिला."

आतून काका म्हणाले, "येऊन राहिला, छान. आता किती दिवस राहणार, तेही सांगा त्यांना."

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो कुणी मोठा करायला आणला की ते चष्मा कपाळावर सरकवायचे. "हा पाच घरं फिरून आलाय. दमलाय बिचारा. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ आणा." गिऱ्हाईक पायऱ्या उतरायचं, मला वाटायचं, गेलं हे. बहुतेक जण मूळ घेऊन परत यायचे.

एकदा काका जेवायला घरी गेले होते. एक आजी परदेशातल्या मुलाच्या फोटोची प्रिंट काढून घ्यायला आल्या. "किती टिकेल गं?" मी घाईत म्हणाले, "जन्मभर." आणि साध्या शाईची प्रिंट हातात दिली.

उन्हाळा सरल्यावर आजी परत आल्या. फ्रेम काउंटरवर ठेवली. मुलाचा निळा शर्ट राखाडी झालेला, चेहरा पुसट. "जन्मभर म्हणाली होती ही," त्या काकांना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मनातल्या मनात मी गावच्या गाडीत बसले होते.

काकांनी फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "चूक दुकानाची आहे, आजी. ऊन कुठून येतं, ते विचारायचं राहिलं." त्यांनी पिगमेंट शाईची नवी प्रिंट काढली. काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घातली. "खिडकीसमोर नको, बाजूच्या भिंतीवर लावा. तरी उतरेलच, पण सावकाश. आणि मोबाइलमधला मूळ फोटो पुसू नका. फोटो त्यात आहे, हा नुसता कागद."

आजी गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "जन्मभर म्हणालात. कुणाच्या?"

मी काउंटर पुसायला लागले. तेव्हा म्हणाले, "नागपूर, चहा सांगा. दोन."

त्यातला एक माझा होता. त्यानंतर कामावरून जाण्याची भीती मला पूर्वीसारखी कधी वाटली नाही.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. दहा-बारा दिवसांनी काकू दुकानात आल्या. घरात त्यांचा नीट असा एकही फोटो नव्हता. खिडकीतल्या प्रिंटची फाइल तेवढी होती. मी चांगल्यातला कागद लावला, पिगमेंट शाईची प्रिंट काढली, पुठ्ठ्याची चौकट घातली.

"टिकेल ना गं?" काकूंनी विचारलं.

तो शब्द ओठांपर्यंत आला होता. गिळला. "ऊन कुठून येतं, काकू?"

"पश्चिमेच्या खिडकीतून. थेट त्यांच्या खुर्चीवर." त्यांनी फ्रेम पदराने पुसली. "तिथेच लावणार आहे मी. उतरला की पुन्हा काढून देशील?"

"देईन."

खिडकीतल्या दोन्ही प्रिंट अजून तिथेच आहेत. शाईतला फरक मी गिऱ्हाइकांना तोंडीच सांगते. काळा कागद उचलत नाही.