भरतात गेलेला नमुना

रनाळ्याला काकांच्या खळ्यात पऱ्हाट्यांचा एक ढीग होता आणि त्या ढिगावर माझी नोकरी उभी होती. वेचणी संपलेल्या कपाशीच्या या काड्या जाळून जिल्ह्यात वीज किती करता येईल, याचा अंदाज काढायचं कंत्राटी काम मला मिळालं होतं. काड्या ओल्या असताना तोलायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पुण्याच्या साहेबांसमोर पुन्हा तोलायच्या. साहेबांना काम पटलं तर पुढचं वर्ष माझं, नाहीतर घरी बसा.

मी ढिगाला लाल चिंध्या बांधल्या. बकरी नुसती फिरकली तरी काठी घेऊन धावायचो. काकू म्हणायची, "येवढा जीव तं कोनी बायकोलेबी लावस नही."

साहेब आले त्या दिवशी मी तोलकाटा आणायला नंदुरबारला गेलो. जाताना काकांना बजावलं, साहेबांना भरीत खाऊ घाला, कसर ठेवू नका. आमच्याकडे भरताचं वांगं गॅसवर भाजणं म्हणजे पाहुण्याचा अपमानच. ते पऱ्हाट्यांवर भाजायचं. हे मला लहानपणापासून माहीत, तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

परतलो तर खळ्यात धूर. साहेब बाह्या सरसावून स्वतः जाळात काड्या सारत होते आणि त्यांच्या हातातल्या काडीला माझी लाल चिंधी लटकत होती. मी काकांकडे धावलो.

"काका, हाई काय करं तुम्ही?"

काका वांगं उलटत म्हणाले, "साहेब येल शे. वल्ल्या काड्यासवर भाजू का? तुन्हा ढीग सगळ्यास्मा वाळेल व्हता."

पंगत बसली. मी भाकरीला हातही लावला नाही. साहेब मात्र मिरचीनं वाहणारं नाक पुसत, भाकरीवर भाकरी मोडत होते. शेवटी म्हणाले, "चला, आता नमुना तोलू."

मी राखेकडे बोट दाखवलं.

साहेबांनी राख पाहिली. मग आपले काळे झालेले हात पाहिले.

"साहेब, आखो ल्या," काका भरताचं पातेलं पुढे करत म्हणाले.

साहेबांनी ताट पुढे केलं. "नमुना चांगला वाळला होता," ते मला म्हणाले, "मी स्वतः खात्री केली आहे. नवा ढीग रचा. पुढच्या वर्षीही तुम्हीच मोजा."

मला एवढं हायसं वाटलं की एकदम कडकडून भूक लागली. भाकरीचा तुकडा मोडला, पातेल्याकडे हात नेला.

भरीत साहेबांनी संपवलं होतं.