पाचवा गडी

आमच्या घराण्यात जावयाचा भर मैदानात अपमान करणारा पहिला माणूस मी. तोही पहिल्या दिवाळसणाला, तोही पाडव्याच्या दिवशी, आणि तोही (हे अप्पा शेवटपर्यंत विसरले नाहीत) भोंग्यावरून.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. घरामागे एक मोकळं मैदान होतं आणि तिथं सोमण सरांनी बास्केटबॉल आणला होता. सर कवायतीचे निवृत्त मास्तर. निवृत्त झाल्यावर कवायत करायला कुणी मिळेना, म्हणून त्यांनी हा खेळ काढला असं अप्पांचं मत. तेलाच्या पिंपाचं लोखंडी कडं, खोक्याच्या फळ्या आणि कळव्याच्या खाडीवरून आणलेलं मासेमारीचं जुनं जाळं, एवढ्यावर आमची बास्केट उभी राहिली. जाळ्याला मासळीचा वास इतका की पहिले सहा महिने बास्केटखाली खेळाडूंपेक्षा मांजरं जास्त.

मी एकोणीस वर्षांचा, इंटरला होतो. माझा खेळ बेताचा, पण अभ्यास दांडगा. मी एक वही ठेवली होती. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक गड्याला त्यात एक पान. डावीकडे गुण, उजवीकडे दोष, खाली शेरा. ही वही पाहूनच सरांनी मला दिवाळीच्या सामन्यांसाठी कप्तान केलं. (माझा खेळ पाहून केलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.)

रीत अशी होती. चार कप्तान, प्रत्येकाचे चार गडी. कप्तानांनी चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्या क्रमानं फेरीफेरीनं एकेक गडी घ्यायचा. मी चिठ्ठी उचलली ती चौथी. म्हणजे दर फेरीत तिघांनी निवडून उरलेलं माझ्या वाट्याला. पण मी खूश होतो. माझं तत्त्वच होतं की पहिल्याला अक्कल लागत नाही, समोर चांगला दिसेल तो त्यानं घ्यायचा. अक्कल लागते ती शेवटच्याला. त्याच्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकात काही ना काही मोडकं असतंच. त्यातलं कुठलं मोडकं आपल्याला चालेल, एवढंच त्यानं ठरवायचं.

आता भाऊजींचं. माझ्या ताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. भाऊजी डोंबिवलीला शाळेत संस्कृत शिकवायचे. सहा फूट उंच, अंगानं काडी, आणि सभ्यपणा इतका की दारातल्या कुत्र्यालाही वळसा घालून जायचे. दोघं धनत्रयोदशीला दिवाळसणाला आली. त्यांची उंची पाहून अप्पांनी मला बाजूला घेतलं आणि जावईबापूंना संघात घे म्हणून सांगितलं. सांगितलं म्हणजे, अप्पा सांगतात तसं सांगितलं.

मी दोन दिवस सकाळी भाऊजींना मैदानावर नेलं आणि माझी झोप उडाली. चेंडू आला की हा माणूस डोळे मिटायचा. समोरून कुणी धावत आलं की बाजूला होऊन त्याला वाट करून द्यायचा. आणि कुणीही "इकडे द्या" म्हटलं की चेंडू देऊन टाकायचा. कुणीही म्हणजे समोरच्या संघातलाही. मी विचारलं तर म्हणाले, मागणाऱ्याला नाही म्हणवत नाही.

तेव्हा मी एक डाव टाकला. बाकीच्या तिन्ही कप्तानांना गाठून मी भाऊजींची तारीफ सुरू केली. सहा फूट, नुसता हात वर केला की बास्केट. हेतू हा की तिघांपैकी कुणीतरी त्यांना उचलावं, जावयाचा मान राहावा आणि माझा संघही वाचावा. अडचण एवढीच की त्या तिघांनाही डोळे होते.

पाडव्याला दुपारी निवड सुरू झाली. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या. अप्पा, आई, नवं लुगडं नेसलेली ताई, सगळे हजर. सर हातात पत्र्याचा भोंगा घेऊन एकेक नाव पुकारत होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. भाऊजी अजून उभेच. शेवटच्या फेरीतही तिघांनी दुसरेच गडी उचलले. सरांच्या मोजण्यात एक गडी जास्त झाला होता, त्यामुळे माझी पाळी आली तेव्हा दोघं उरले होते आणि जागा एक. जो राहील तो राखीव, आणि त्यानं टेबलावर बसून गुण लिहायचे.

दोघांपैकी एक भाऊजी. दुसरा कळव्याचा धाकलू म्हात्रे. पिढ्यानपिढ्या मिठागरात राबलेल्या घरातला गडी. बुटका, पायांनी फेंगडा, नियम एकही मान्य नसलेला. पण चेंडू एकदा त्याच्या हातात गेला की मिठाच्या गोणीसारखा चिकटून बसायचा, आणि दिवसभर पळवलं तरी त्याला दम लागायचा नाही. म्हणजे त्याचे दोष तोंडात होते आणि भाऊजींचे हातापायांत. वहीनं कौल स्पष्ट दिला होता.

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा खाकरले. त्या खाकरण्यात माझं सगळं भविष्य होतं. तरी मी खेळाशी इमान राखलं आणि म्हणालो, "धाकलू म्हात्रे."

आईनं पदर तोंडाला लावला. सोमण सर भले गृहस्थ. पाहुण्यांचा गैरसमज नको, कारण सांगितलं की कुणाला वाईट वाटत नाही, असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, भाऊजींचं पान काढलं आणि भोंगा तोंडाला लावला.

मी "सर" म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

"गुण. उंची सहा फूट. स्वभाव उत्तम. दोष. उंचीचा उपयोग शून्य. चेंडू आला की डोळे मिटतात. समोरच्याला वाट देतात. मागेल त्याला चेंडू देतात." इथे ते थांबले असते तर मी आज हे लिहायला थोडा धडधाकट राहिलो असतो. पण सरांना वाक्य अर्धं सोडायची सवय नव्हती. "शेरा. दुसऱ्या कुणी घेतल्यास आपला फायदा."

तिन्ही कप्तान माझ्याकडे वळले. अप्पा खुर्चीतून उठले आणि परत बसले. भाऊजी मात्र शांतपणे पुढे आले, सरांकडून वही मागून घेतली आणि घराकडे चालू लागले.

घरी जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणी बोलतच नव्हतं. जावयासाठी केलेली बासुंदी तशीच राहिली. ताईनं ट्रंक भरायला घेतली. उद्याची भाऊबीज तिनं रद्द केल्याचं मला आईकडून कळलं. मध्याला (म्हणजे मला) ओवाळण्यापेक्षा मी खांबाला ओवाळीन, असा तिचा निरोप होता. शेवटी अप्पांनी मला खोलीच्या दाराशी नेलं, भाऊजींचे पाय धर म्हणाले, आणि मी ते नीट धरतो की नाही हे ऐकायला बाहेर उभे राहिले.

आत भाऊजी खिडकीशी माझी वही घेऊन बसले होते. हातात लाल पेन्सिल.

"शून्यातला शू दीर्घ असतो," ते म्हणाले. "तू ऱ्हस्व लिहिलायस."

मी पाय धरायला वाकलो. त्यांनी मला उठवून शेजारी बसवलं. म्हणाले, लिहिलंयस त्यातलं सगळं खरं आहे, पण मुख्य दोष राहिला. मग त्यांनी लाल पेन्सिलीनं, सुंदर अक्षरात, माझ्या यादीखाली एक ओळ घातली आणि वही माझ्यापुढे धरली. ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही.’

मी ते मोठ्यानं वाचलं. लहानपणी विटी लागली होती, भाऊजी म्हणाले. डोळा दिसायला धड होता, पण त्यात नजर नव्हती. उजवीकडून येणारा चेंडू त्यांना थेट नाकासमोर आला की दिसायचा. डोळे मिटणार नाहीत तर काय करतील? आणि मी, सगळ्या नौपाड्याचे दोष टिपणारा, दोन दिवस या माणसाच्या उजव्या बाजूलाच उभा होतो.

"बाकी वही चांगली आहे," भाऊजी म्हणाले. "यात तुझं पान कुठाय?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण दार धाडकन उघडून अप्पा आत आले होते. चेहरा पांढरा. जावयाला एका डोळ्यानं दिसत नाही, लग्न ठरवणाऱ्यानं हे लपवलं, आपल्याला फसवलं, असं ते कुणाला तरी उद्देशून बोलत होते. मला वाटतं देव्हाऱ्याला. मी भिंतीला चिकटलो. दुपारपर्यंत आमच्या घरात फक्त एक अपमान होता. संध्याकाळी आता लग्नच मोडायला निघालं होतं, आणि तेही माझ्या वहीतून.

तेवढ्यात ताई आली. ट्रंकेत घालायची साडी तशीच हातात.

"अप्पा, मला माहीत होतं," ती म्हणाली. "बघायला आले तेव्हाच यांनी मागच्या पडवीत मला सांगितलं. तुम्हालाही सांगणार होते, मीच नको म्हटलं."

"का?"

"तुम्ही नाही म्हटलं असतंत. त्याआधी नऊ जणांनी मला नाही म्हटलं होतं, अप्पा. कुणी रंगावरून, कुणी उंचीवरून, एकानं तर आवाजावरून. माझ्यात काय कमी आहे ते न विचारता स्वतःत काय कमी आहे ते सांगणारा हा एकच आला."

नऊ नकार मला माहीत होते. दर वेळी पोहे मीच संपवले होते. पण ताईनं ते मोजले असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

अप्पांनी विचारलं, "कुठला डोळा म्हणालात?"

"उजवा," भाऊजी म्हणाले.

अप्पा खोली ओलांडून भाऊजींच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, आणि आईला हाक मारून बासुंदी मागवली. दोन वाट्या. मी तिथं होतो हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही आणून दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं मला ओवाळलं. आईच्या शब्दाखातर, हे तिनं तीनदा सांगितलं. टिळा लावताना तिनं बोट असं दाबलं की मी पाटावरून मागे सरकलो.

दुपारी आमचा सामना. टेबलावर गुण लिहायला भाऊजी. धाकलूनं सुरुवातीलाच दोन बास्केट टाकल्या आणि मला वाटलं, झालं ते झालं, पण निवड बरोबर होती. धाकलूच्या बाबतीत ती होतीही. गडबड कप्तानात होती. पाच फाऊल झाले की गडी बाहेर, असा नियम. मी मध्यंतराच्या आत चार केले. पाचवा मध्यंतरानंतर, आणि तो समोरच्या गड्यावर नव्हता. तो सोमण सरांवर झाला. मी चेंडूमागे धावत गेलो आणि पंचाला घेऊन पडलो. पडल्या पडल्याच त्यांनी शिट्टी वाजवली.

राखीव गडी एकच. भाऊजी टेबलामागून उठले, धोतराचा काचा मारला, एक बास्केट म्हणजे दोन गुण असं मला समजावून पेन्सिल माझ्या हातात दिली आणि मैदानात गेले. गेल्या गेल्या त्यांनी आपला डोळा धाकलूला सांगून टाकला. धाकलूनं एक क्षण विचार केला. एवढ्या वेळात मी पानभर लिहिलं असतं.

"मंग मास्तर, तुमी त्या खांबाला उजवा खांदा लावून उभं ऱ्हावा," तो म्हणाला. "तिकून कोनी येनार नाय. बॉल मी आनून देतंय."

आणि त्यानं आणून दिला. भाऊजींनी दोन्ही हात वर केले, फडताळात बरणी ठेवावी तसा चेंडू कड्यात ठेवला. मग पुन्हा. मग पुन्हा. समोरच्या संघानं भोंगा ऐकलेला होताच. त्यांचा एक गडी हात पुढे करून म्हणाला, "मास्तर, इकडे द्या."

भाऊजींनी त्याच्याकडे वाकून पाहिलं. "आज नाही," ते म्हणाले, आणि चेंडू वर ठेवला.

अप्पा, ज्यांना मी उभ्या आयुष्यात पळताना पाहिलं नव्हतं, ते मैदानाच्या कडेनं पळत होते. ताई खुर्चीवर चढली होती. मीही टेबलावर उभा राहून ओरडत होतो, भाऊजी, भाऊजी, आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा धाकलूनं भाऊजींना उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेपर्यंत उचललंही.

मग सरांनी गुणांचा कागद मागितला.

ओरडण्याच्या भरात शेवटच्या दोन बास्केट लिहायच्या राहिल्या होत्या. सरांचा नियम असा की कागद म्हणजे कागद. मैदानावर आम्ही तीन गुणांनी जिंकलो होतो, हे धाकलू अजून शपथेवर सांगतो. कागदावर आम्ही एका गुणानं हरलो, आणि त्या कागदाखाली सही आहे ती आमच्या संघाच्या कप्तानाची.