काकूंच्या हाताची मूठ

कोणी घरी आलं की काकू आधी त्याचा हात धरायच्या, मग पाणी विचारायच्या. पंजा दाबून, बोटं उलगडून निकाल द्यायच्या. माझा हात पाहून म्हणाल्या, "बाप्पा, हा हात होय का उकडलेला बटाटा? याले मूठ नाही, टेकू पायजे." फुलसावंगीकडच्या आमच्या गावात कुऱ्हाडीच्या दांड्यापासून तिरकमठ्याच्या मुठीपर्यंत सगळं त्याच घडवायच्या.

त्यांच्या धनुष्याच्या मुठीला अंगठ्यासाठी खळगा असे आणि तळव्यासाठी किंचित फुगवटा. खाली-वर ठरलेलं असे. मी एकदा उलटं धरलं आणि बाण मंडपाच्या भोंग्यात घातला. काकू म्हणाल्या, "मुठीनं सांगतलं असंन ना तुले. तू आयकत कुठं कोणाचं?"

आमच्याकडे दसऱ्याला नारळावर नेम धरतात. नियम एकच: गावाचा तिरकमठा वापरायचा. तो काकूंच्या आधीपासूनचा, धामणाच्या लाकडाचा, मूठ मुसळाएवढी जाड. बायकांना बंदी नव्हती, फक्त ती मूठ त्यांच्या बोटांत मावत नव्हती. काकू दर वर्षी नाव द्यायच्या. धनुष्य हातात फिरायचं, बाण भलतीकडे जायचा आणि गडीमाणसं ओरडायची, "काकू, लाटणं होय का ते?" काकू पुढच्या वर्षी पुन्हा पहिलं नाव द्यायच्या.

मी समितीचा सचिव झालो त्या वर्षी धनुष्य माझ्याच मोटारसायकलवरून पडलं. मुठीचा ढलपा निघाला. मी धावत काकूंकडे गेलो. "काकू, इज्जत वाचवा!"

"वाचवतो. कोणाची, ते मंग पाहू."

त्या ढलप्याच्या खोलीपर्यंत सगळी मूठ तासत राहिल्या. मी समोर बसून चहा पीत होतो. वर सल्लाही दिला, "अजून थोडी गुळगुळीत होऊ द्या."

दसऱ्याला एकेका गड्याच्या पंजात धनुष्य गरगर फिरलं. अध्यक्ष कडाडले, "मूठ कोणं छिलली?" मी चपला न्याहाळू लागलो.

"म्या," काकू म्हणाल्या. "दिवसाढवळ्या. तुमच्या सचिवासमोर."

"पयल्यासारखी करून द्या!"

"लाकूड का नखं हाय, वाढाले? आन् नियम तुमचाच. तिरकमठा गावाचाच हाय." पदर खोचून त्या रेषेवर उभ्या राहिल्या. बाण नारळात रुतला. नारळ फुटला नाही, म्हणून अध्यक्षांनी तो नेम मोजला नाही. काकूंनी बाणासकट नारळ उचलला आणि घरी नेऊन त्याची चटणी केली. वाटीभर मलाही पाठवली.

काकू गेल्या वर्षी गेल्या. धनुष्य आहे. जाड पंजांचे गडी आता मुठीला फडकं गुंडाळून नेम धरतात. पोरींचा नंबर आला की पहिली पोरगी ते फडकं सोडते आणि माझ्या अंगावर फेकते. मी अजून सचिव आहे. पोरींचे नेम संपेपर्यंत फडकं धरून उभा राहतो.