नळीतलं शिसं

लग्न होऊन मी कोपरीला आले तेव्हा सासरे माझ्याशी बोलत नसत. सुनेशी थेट बोलायचं नाही, अशी रीतच होती. पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून म्हणत, "पानी पायजे," आणि मी तांब्या ठेवून आत जाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझा नवरा पहाटेच मिठागरावर जाई. दिवसभर त्या घरात आम्ही दोघं आणि खाडीवरून येणारा वारा.

सासऱ्यांकडे परवान्याची बंदूक होती. तरुणपणी ते एका गोऱ्या साहेबाला शिकारीत वाट दाखवत. विलायतेला परतताना साहेब ती त्यांना देऊन गेला. भातात रानडुकरं शिरली की गावकरी त्यांना बोलवायला येत.

त्या वर्षी भाताला लोंब्या धरल्या आणि डुकरं रोज येऊ लागली. सासऱ्यांनी तीन संध्याकाळी बार काढले, तिन्ही हुकले. "म्हाताऱ्याचे डोले गेले," बांधावर कोणीतरी म्हणालं. ते त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बंदूक मांडीवर घेऊन अंगणात बसले होते. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

"पोरी, हितं ये. नलीत बघ. मना नुसता धूर दिसते."

बंदूक मागून उघडत असे. मी नळीला डोळा लावला. विहिरीत वाकून पाहावं तसं वाटलं, फक्त तळाशी पाण्याऐवजी उजेड होता. त्या उजेडात दूरवरच्या मिठाच्या राशी तांदळाएवढ्या दिसत होत्या. गोळीला फिरवणारे, नळीत कोरलेले पीळ चमकत, वळत पार तिथवर गेले होते. किती वेळ मी बघत राहिले कोण जाणे. मग दिसलं, अलीकडच्या टोकाशी पिळांमध्ये करडं काहीतरी बसलं होतं, दुधाची खरवड भांड्याला धरते तसं.

"मामा, आत कायतरी चिकटलंय." त्यांच्याशी बोललेले माझे पहिले शब्द.

"काल धुतली की ऊन पान्यानं."

"पाण्यानं जायचं नाय ते."

दारूची काजळी पाण्याने जाते, पण हे गोळीचं शिसं होतं; ते पिळांत बसलं की गोळी वाकडी जाते. गजाला काथ्या गुंडाळून, घासलेट लावून आम्ही दोन दिवस घासलं. मागून फिरवलेली चिंधी स्वच्छ निघे, करडं मात्र तसंच. मी वाळू सुचवली तर म्हणाले, "पील मरतील." शेवटी ते ठाण्याच्या पेठेतल्या सोनाराकडून पारा घेऊन आले. पारा शिसं खातो, पण सोन्यालाही धरतो, असं सोनाराने बजावलं होतं. मी बांगड्या उतरवल्या. आईची अंगठी बोटातून निघेना, तिच्यावर चिंधी बांधली.

नळी लाकडापासून सोडवून एका टोकाला बूच मारलं, पारा ओतला, दुसरं टोक बंद केलं. मग समोरासमोर बसून आम्ही ती झुलवत राहिलो. आत पारा धावे, थबके, परत फिरे. ऊन कलत होतं. सासरे हळू आवाजात जंगलातल्या वाटा सांगत होते. कुठल्या ओढ्यावर मोर उतरतात, साहेब झाडाखाली कसा घोरायचा. मी जागी होते की झोपेत, मला सांगता येणार नाही.

बूच काढलं तेव्हा पारा गढूळ होऊन आला. थोडा माझ्या बोटावरच्या चिंधीवर सांडला. नळी पार टोकापर्यंत लखलखीत होती. अंगठी मात्र पांढरी पडली. माझे डोळे भरले.

"माज्यामुलं झालं," ते म्हणाले. सोनाराने ती बोटातून कापून काढली, तापवून पारा उडवला आणि पुन्हा जोडून दिली, पण तिचं तेज गेलं ते गेलंच.

पुढच्या संध्याकाळी ते मला बांधावर घेऊन गेले. लोक बघत राहिले.

"ता काला हाय, ता डुकर का झुडूप?"

"डुकर. उजवीकडचं झुडूप."

बार झाला. डुक्कर जागीच पडलं. म्हाताऱ्याचे डोळे शाबूत आहेत, असं गावभर झालं.

घरी येताना ते म्हणाले, "बंदूक बिघडलेली, पोरी. पन डोलेबी गेलेत. दोन्ही खरं."

आठवड्याने त्यांनी बंदूक आणि परवाना ठाण्याच्या कचेरीत जमा केला. का, ते गावाला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर दुपारी ते ओट्यावर बसून विचारत, "पोरी, खाडीत काय आलंय?" आणि हातातलं काम ठेवून मी सांगत असे, कल्याणकडून दोन पडाव येतायत, एकाचं शीड फाटलंय.