आखणीवाल्या मावशी

हमरापूरच्या गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मावशी बोलताना कधी मान वर करत नसत. शाडूची मूर्ती फुटली, तर स्वतःच भिजवून माती पुन्हा मळत. सातवीत शाळा सुटून बीडहून आलेल्या मला काम त्यांनीच शिकवलं.

अल्झायमर झालेली आई फोनवर सारखं "जेवलीस का?" विचारायची. एकदा मी तिच्यावर ओरडले. मावशींनी ब्रश खाली ठेवला.

"आपण माती मळतो ना गो, तशी पेशी जुनं प्रथिन मोडून परत वापरते. माझ्या नवऱ्यालाही हाच आजार होता, त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. ते मोडणं जमेनासं झालं की मेंदूत त्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. आई मुद्दाम नाय करत."

मग फोन घेऊन म्हणाल्या, "व्हय, जेवली तुमची लेक." आईनं पाच वेळा विचारलं. पाचही वेळा त्यांनी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं सांगितलं.

मला ते जमेपर्यंत आईचं विचारणं थांबलं होतं.